वाफेवरचा मान्तोऊ : पांढरं पीठ कोणाच्या घरात शिजलं?

आज आपण चीनमधल्या एका अगदी घरगुती पदार्थाबद्दल बोलणार आहोत. गव्हाचं पीठ आंबवायचं, त्याचे गोळे करायचे, वाफेवर शिजवायचे. आत काही न भरता केला तर उत्तर चीनमध्ये त्याला म्हणतात मान्तोऊ. आत मांस, भाजी किंवा गोड सारण भरलं तर बाओझी. (चिनी उच्चार मराठीत नेमके बसत नाहीत, तेव्हा कानाला जवळचं वाटेल ते मी वापरणार आहे.) आपल्याकडे हॉटेलांच्या मेनूकार्डावर जो 'बाओ' दिसतो तो याच घराण्यातला, फक्त शहरात येऊन जरा नटलेला.

या पदार्थाचा इतिहास विचारला की पहिली गोष्ट हमखास पुढे येते ती झूग ल्यांगची. तिसऱ्या शतकातला हा प्रसिद्ध मुत्सद्दी. इसवी सन २२५ मध्ये दक्षिणेची मोहीम संपवून परत येताना लू नदी खवळलेली होती. नदीला शांत करायचं तर माणसांची मुंडकी अर्पण करा, असं स्थानिक लोकांनी सांगितलं. झूग ल्यांग म्हणाला, पुरे झाला रक्तपात. त्याने बकऱ्याचं आणि डुकराचं मांस पिठात गुंडाळून डोक्याच्या आकाराचे गोळे करवले आणि तेच नदीला वाहिले. 'मान' म्हणजे दक्षिणेतले रानटी लोक, 'तोऊ' म्हणजे डोकं. झाला मान्तोऊ.

गोष्ट फार छान आहे. अडचण एवढीच, की झूग ल्यांगच्या नंतर थोड्याच दशकांत छन शौ याने त्या काळाचा जो अधिकृत इतिहास लिहिला, त्यात ती नाही. ती सापडते सोंग काळात, अकराव्या शतकात, गाओ छंग नावाच्या लेखकाच्या 'वस्तूंच्या उगमाच्या' कोशात. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ साडेआठशे वर्षांनी. आणि तोही ती ऐकीव कथा म्हणूनच देतो. पुढे तीन राज्यांच्या कादंबरीने ती घराघरांत पोचवली. एका सेनापतीला एका दुपारी कल्पना सुचली आणि पदार्थ जन्मला, ही कथेची सोय झाली. माझी तक्रार वेगळीच आहे. या कथेत पीठ कोणी दळलं, ते आंबवलं कोणी, चुलीत काय घातलं, आणि ते गोळे खायची ऐपत कोणाची होती, यातलं काहीच येत नाही. आणि मान्तोऊचा खरा इतिहास नेमका त्याच प्रश्नांमध्ये आहे.

सुरुवात वाफेपासून करू, कारण चीनमध्ये वाफ आधी आली आणि गहू नंतर. बुडाला भोकं असलेलं मातीचं भांडं, खाली पाणी उकळणारं दुसरं भांडं, ही जोडी तिथे नवाश्मयुगापासून आहे. हेमुदू या ठिकाणी, आजच्या चच्यांग प्रांतात, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची अशी भांडी मिळाली. आपलं मोदकपात्र डोळ्यांसमोर आणा, तत्त्व तेच. पुढे कांस्ययुगात ही भांडी राजेशाही झाली. १९७६ साली आन्यांगजवळ फू हाओ या शांग राणीची कबर न लुटलेल्या अवस्थेत सापडली. इसवी सन पूर्व १२०० च्या आसपासची. तिच्यात एकाच लांब बैठकीवर तीन वाफपात्रं बसवलेलं कांस्याचं भांडं आहे. तीन चुलींचा गॅसच म्हणा ना!

पण या भांड्यांत शिजायचे राळे आणि तांदूळ. गहू हा पश्चिम आशियातून आलेला पाहुणा. तो साधारण साडेचार-चार हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये पोचला. आता गंमत बघा. गहू आला, पण त्याच्याबरोबर भट्टी आली नाही. लोकांनी त्याला राळ्यासारखंच वागवलं, म्हणजे अख्खे दाणे शिजवून खाल्ले. गव्हाचा अख्खा दाणा शिजवून पाहा एकदा. चिवट लागतो, पोटाला जड. त्यामुळे पुढे कित्येक शतकं 'गव्हाचा भात' हे गरिबाचं, हलकं अन्न मानलं गेलं. पुरातत्त्वज्ञ डोरियन फुलर आणि मायकेल रोलँड्स यांनी याबद्दल मांडणी केली आहे. पश्चिम आशियात दळणं आणि भाजणं ही जोडी, पूर्व आशियात उकडणं आणि वाफवणं ही जोडी. नवं धान्य आलं तरी स्वयंपाकघराची जुनी सवय त्याला आपल्यात ओढून घेते. मला ही मांडणी पटते, कारण आपणही परक्या बटाट्याची भाजी केली ती मोहरी-जिऱ्याच्या फोडणीतच.

बदल झाला तो जात्यामुळे. फिरतं दगडी जातं हान राजवटीत, म्हणजे इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासून पुढे, पसरत गेलं. आता गव्हाचं पीठ झालं आणि त्याची प्रतिष्ठा एकदम पालटली. कणकेच्या सगळ्या पदार्थांना मिळून 'बिंग' असा शब्द रूढ झाला. उकडलेलं बिंग, भाजलेलं बिंग, वाफवलेलं बिंग. आपला मान्तोऊ या शेवटच्या शाखेतला.

वाफच का टिकली? एक कारण सवयीचं, ते सांगून झालं. दुसरं सरपणाचं. उत्तर चीनच्या मैदानात जंगल फार लवकर संपलं. घरात जाळायला काय, तर ज्वारीची ताटं, गव्हाचं काड, वाळलेलं गवत. एवढ्या सरपणावर रोज भट्टी तापवणं परवडत नाही. पण रुंद कढईत पाणी उकळलं आणि तिच्यावर बांबूच्या चाळण्यांची उतरंड रचली, तर एका जाळात खाली भाजीचं आटवण, मध्ये भाजी, वर मान्तोऊ असं सगळं होतं. त्यातही उत्तरेकडच्या घरांत चुलीचा धूर सरळ बाहेर जात नाही. तो विटांच्या ओट्याखालून फिरवला जातो. त्या ओट्याला 'खांग' म्हणतात. घरातली माणसं हिवाळ्यात त्याच्यावरच बसतात, जेवतात, झोपतात. म्हणजे तोच जाळ जेवण शिजवतो आणि अंथरूणही गरम ठेवतो. हा खांग लक्षात ठेवा, पीठ फुगवताना पुन्हा लागणार आहे.

आता आंबवण. दुसऱ्या शतकात छुई शी याने वर्षभराच्या शेतीकामांचं एक टिपण लिहिलं. त्यात उन्हाळ्यात कोणते बिंग खावेत, कोणते टाळावेत हे सांगताना मद्याने मळलेल्या पिठाच्या बिंगचा उल्लेख येतो. हे ऐकून गोव्याच्या मंडळींना काही आठवलं असेल. बरोबर, सान्नां. माडाच्या सुरीवर आंबवलेलं, वाफवलेलं. दोघांचा काही ऐतिहासिक संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण जिथे मद्य करतात तिथे पीठ फुगवायला यीस्ट आधीच घरात असतं, एवढं त्यातून कळतं.

तिसऱ्या शतकात तर पुरावा अगदी चवीचा आहे. हे झंग नावाचा एक बडा मंत्री होता. जिन राजवटीच्या इतिहासात त्याच्या चोचल्यांची नोंद आहे. रोज जेवणावर दहा हजार नाणी खर्च करायचा आणि वर म्हणायचा की काड्या टेकवाव्यात असं ताटात काही नाही! या गृहस्थाची अट होती की वाफवलेल्या बिंगला वर फुलीसारखी चीर पडलेली नसेल तर तो हात लावणार नाही. ही चीर महत्त्वाची. न आंबवलेला गोळा वाफेवर फुटत नाही. पीठ नीट फुगलं, आत वायू भरपूर झाला, तर तो वरून उकलतो. म्हणजे इतिहासकाराने मंत्र्याच्या उधळपट्टीची निंदा करायला लिहिलेलं वाक्य आपल्याला पाककलेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

त्याच्या नंतर थोड्याच काळाने शू शी या लेखकाने बिंगवर एक लांबलचक गद्यकाव्य लिहिलं. ऋतूप्रमाणे कोणतं बिंग शोभतं ते त्यात आहे, आणि वसंताच्या सुरुवातीच्या मेजवानीला मान्तोऊ योग्य असं तो सांगतो. 'मान्तोऊ' हा शब्द आपल्याला भेटतो त्या सगळ्यात जुन्या जागांपैकी ही एक. आणि हो, नदी, मुंडकी, झूग ल्यांग यांचा त्यात पत्ता नाही. पण मला त्यातलं दुसरंच एक चित्र सोडत नाही. वाफ उठते, वास दरवळतो, आणि तो लेखक आपली नजर जेवणाऱ्यांवरून काढून भोवतालच्या लोकांवर नेतो. वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या वाटसरूच्या तोंडाला पाणी सुटतं. पोऱ्या तिरक्या नजरेने बघत रिकामंच तोंड चावतो. भांडं धरून उभा असलेला ओठ चाटतो. सेवेला उभा असलेला कोरडाच आवंढा गिळतो. लेखकाने हे गमतीने लिहिलं असेल, वासाची तारीफ म्हणून. पण त्या खोलीत करणारे कोण आणि खाणारे कोण, हे त्याने सतराशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं.

सहाव्या शतकात जिआ सिशिए नावाच्या अधिकाऱ्याने 'छीमिन याओशू' हा शेती आणि घरकामाचा मोठा ग्रंथ लिहिला. सुमारे ५४० च्या आसपासचा. त्यात आंबवण करायची रीत आहे. एक तोऊ आंबट पेज घ्यायची, म्हणजे दहा शंग. आटवून सात शंग करायची. त्यात एक शंग तांदूळ घालून मंद आचेवर गुरगुट्या करायचा. मग शंभर शंग पिठाला उन्हाळ्यात हे आंबवण दोन शंग, हिवाळ्यात चार. थंडीत दुप्पट! इडलीच्या पिठाशी झगडलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. मला हा ग्रंथ आवडतो, कारण तो झूग ल्यांगबद्दल बोलत नाही, प्रमाणाबद्दल बोलतो.

थांग काळात पाणचक्क्या वाढल्या आणि पांढऱ्या पिठाची मागणी इतकी वाढली की त्यावरून भांडणं लागली. राजधानी छांगआनजवळच्या कालव्यांवर राजघराण्यातल्या लोकांनी, सरदारांनी, बौद्ध मठांनी चक्क्या बसवल्या. चक्की फिरवायला पाणी वळवलं की खालच्या शेताला मिळत नाही. शेवटी ७७८ मध्ये बादशहा दायझोंगने ८० च्या आसपास चक्क्या पाडायचा हुकूम काढला. त्यात त्याच्या मुलीच्याही होत्या. ती रदबदलीला गेली, तर बाप म्हणाला की तूच आधी पाड, म्हणजे बाकीचे पाडतील. काही काळाने चक्क्या परत उभ्या राहिल्या, हे सांगायला नकोच. श्रीमंतांच्या घरचं बारीक पीठ आणि शेतकऱ्याच्या रानातलं पाणी हे एकाच कालव्यातून जात होतं.

सोंग काळावर मी फार रेंगाळणार नाही, कारण त्यावर लिहिलेलं भरपूर आहे. शहरं वाढली, रस्त्यावरचं खाणं वाढलं. राजधानी खायफंग ११२७ मध्ये पडल्यावर दक्षिणेला पळालेल्या मंग युआनलाओने आठवणीतून त्या शहराचं वर्णन लिहिलं. त्यात बाओझीची दुकानं नावानिशी आहेत. सम्राट रनझोंगच्या नावाशी उच्चार जुळतो म्हणून वाफवलेल्या बिंगचं नावच बदलावं लागलं, ते झालं 'छुईबिंग'. हाच शब्द पुढच्या एका लोकप्रिय कादंबरीतला बुटका फेरीवाला ओरडत फिरतो. मान्तोऊ आणि बाओझी यांची नावं अजूनही सगळीकडे सारखी नाहीत. शांघायकडे आत सारण असलं तरी मान्तोऊच म्हणतात. चौदाव्या शतकात हा पदार्थ एका चिनी माणसाबरोबर जपानच्या नारा शहरात गेला. बौद्ध भिक्षू मांस खात नाहीत, म्हणून आत गोड सारण आलं आणि तो 'मान्जू' झाला. कोरियात 'मान्दू', मध्य आशियात नि तुर्कस्तानात 'मान्ती'. आणि आपल्या नाक्यावरचा मोमो? वायव्य चीनमध्ये वाफवलेल्या पावाला 'मोमो' म्हणतात. आवाज जुळतो, एवढंच मी म्हणेन.

पण सोंग काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ल्वो दाजिंग नावाच्या तेराव्या शतकातल्या लेखकाने टिपलेली. राजधानीत एका गृहस्थाने एक रखेली विकत घेतली. ती म्हणाली, मी महामंत्री त्साय जिंगच्या वाड्यात बाओझीच्या मुदपाकखान्यात होते. गृहस्थ खूश! एके दिवशी म्हणाला, कर बाओझी. ती म्हणाली, येत नाही. अगं, तू बाओझीच्या मुदपाकखान्यातली ना? त्यावर ती म्हणाली, हो, पण माझं काम कांद्याची पात बारीक चिरायचं होतं. (हशा)

हसू येतं, बरोबर आहे. पण आपण जे 'घरी केलेलं' म्हणतो त्याच्या अगदी उलट टोक हे आहे. महामंत्र्याच्या वाड्यात एक बाई वर्षानुवर्षं पात चिरते आणि पूर्ण बाओझी तिच्या हातून कधीच होत नाही. आणि तिला 'विकत घेतली' हे लेखक अगदी सहज सांगून पुढे जातो.

आता खेड्यातल्या घरात जाऊ. उत्तर चीनमध्ये, म्हणजे खबै, शान्दोंग, शान्शी, हनान या पट्ट्यात, गहू पिकतो. आपण समजतो की तिथले शेतकरी पूर्वापार मान्तोऊ खात आले. तर तसं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथलं सामान्य शेतकरी कुटुंब गहू पिकवायचं आणि विकायचं. खंड, कर, कर्जाचं व्याज भागवायला गहू हे रोकड पीक. विकून आलेल्या पैशातून ज्वारी, राळे, मका घ्यायचे आणि ते खायचे. धान्याचे दोन वर्ग बोलण्यातही पक्के होते, बारीक धान्य आणि भरड धान्य. बारीकमध्ये तांदूळ आणि गव्हाचं पांढरं पीठ. बाकी सगळं भरड. मक्याच्या पिठाचा शंकू करून, आतून बोटाने पोकळ करून वाफवतात, त्याला 'वोवोतोऊ' म्हणतात. आतली पोकळी शोभेची नाही. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते फुगत नाही, मग आतपर्यंत वाफ पोचायला ती जागा ठेवावी लागते. रोजचं अन्न हे होतं. पांढरा मान्तोऊ पाहुण्याला, घरातल्या म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि नव्या वर्षाला.

आपल्याकडच्या ज्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. देशावर भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची, ही गोष्ट फार जुनी नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसं या सभागृहातही असतील. आणि आणखी एक खरा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये खबै प्रांतातच वारले. आपण त्यांना शांतारामबापूंच्या चित्रपटातून ओळखतो. त्यांनी ज्या खेड्यांत शस्त्रक्रिया केल्या ती याच भरड धान्याच्या मुलखातली.

लू शुनची १९१९ मधली 'औषध' ही कथा आठवा. चहाच्या दुकानाचा मालक, त्याचा क्षयाने खंगलेला मुलगा. बाप साठवलेली चांदी घेऊन पहाटे वधस्तंभाकडे जातो आणि मारल्या गेलेल्या क्रांतिकारकाच्या रक्तात बुडवलेला मान्तोऊ आणतो. घरी आई-बाप तो पानात गुंडाळून चुलीत भाजून मुलाला देतात. या कथेबद्दल अंधश्रद्धेच्या अंगाने खूप बोललं गेलंय. पण औषध म्हणून मान्तोऊच का? माझ्या मते, पांढरा मान्तोऊ हे आजाऱ्याला घालायचं अन्न होतं, हेही त्यामागे आहे. आई-बापांनी मुलासाठी जपून ठेवायची जी वस्तू, तीच तिथे रक्ताने माखते. मुलगा वाचत नाही.

नव्या वर्षाच्या मान्तोऊकडे येऊ, कारण घरगुती कौशल्य सगळं इथे आहे. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कोणत्या दिवशी काय करायचं याची लोकगाणी उत्तर चीनमध्ये आहेत, आणि त्यात मान्तोऊ वाफवायचा दिवस ठरलेला असतो. पहिले काही दिवस चूल कमीत कमी वापरायची, म्हणून आधीच ढीगभर करून ठेवायचे. बाहेर इतकी थंडी की रांजणात ठेवले तरी गोठून राहतात, लागतील तसे पुन्हा वाफवायचे.

पीठ फुगवायचं ते 'लाओम्येन'वर, शब्दशः 'जुनं पीठ'. मागच्या वेळच्या कणकेतला एक गोळा राखलेला. आपल्या विरजणासारखाच. वाळवून ठेवतात, किंवा पिठाच्या डब्यात पुरून ठेवतात. करायच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवायचा, थोड्या पिठात कालवायचा, मग पूर्ण पीठ मळायचं. माठ किंवा परात रजईत गुंडाळून कुठे ठेवायची? खांगवर, जिथे माणसं झोपलीत त्यांच्या शेजारी. घराला एकच ऊब आहे आणि ती पोरांना नि पिठाला वाटून घ्यायची. संपलं विरजण तर शेजारणीकडून आणायचं.

सकाळी पीठ फुगलेलं असतं, पण आंबटही झालेलं असतं, कारण त्यात यीस्टबरोबर आम्ल करणारे जिवाणूही असतात. इथे लागतो क्षार, आपल्या पापडखारासारखा. तो पाण्यात विरघळवून कणकेत मळायचा. आम्ल मारतो आणि मारताना थोडा वायूही सोडतो, त्याने मान्तोऊ आणखी हलका होतो. पण किती घालायचा? याला माप नाही. आंबवण किती जुनं, रात्र किती थंड, पीठ कोणतं, यावर ठरतं. कमी पडला तर मान्तोऊ आंबट आणि खरबरीत. जास्त झाला तर पिवळा आणि कडवट. मग बाई काय करते? गोळा कापून आतली भोकं बघते. वास घेते. थाप मारून आवाज ऐकते. किंवा चिमूटभर पीठ चुलीच्या कडेला भाजून चाखून पाहते. हे ज्ञान कुठल्याही ग्रंथात पूर्ण उतरलं नाही. ते सासूकडून सुनेकडे गेलं, आणि बहुतेक वेळा बोलणी खात गेलं, असं समजायला हरकत नाही.

चाळणीत खाली कापड नाहीतर मक्याच्या कणसाची पानं. झाकण लावलं की उघडायचं नाही, आणि जाळ काढल्यावरही दोन-चार मिनिटं थांबायचं, नाहीतर गोळे बसतात. वाफेचं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही म्हणून कवच तांबूस होत नाही, पांढरं राहतं. आणि हा पांढरेपणाच सगळ्यांना दाखवायचा असतो. वर्षारंभाचा मान्तोऊ वरून फुटला तर उत्तम शकुन, 'फुललं' किंवा 'हसलं' म्हणायचं. हे झंग मंत्र्याची ती फुली! त्याला जी रोज लागायची, ती खेड्यातल्या घरात वर्षातून एकदा पडली तर भाग्य. शान्शी आणि शान्दोंगमध्ये बायका याच पिठाचे मासे, वाघ, पक्षी, खजूर लावलेले डोंगर करतात. कात्री, कंगवा आणि काडी एवढीच हत्यारं. लग्नाला, बारशाला, म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला प्रत्येकाचा आकार वेगळा.

१९५३ च्या अखेरीस सरकारने धान्याची एकाधिकार खरेदी-विक्री सुरू केली. १९५५ पासून शहरात धान्याची कुपनं आली. प्रत्येकाच्या कोट्यात बारीक किती आणि भरड किती हेही ठरलेलं. खेड्यातल्या माणसाला कुपन नाही. त्याने गहू सरकारला द्यायचा आणि उरेल ते खायचं. उत्तरेच्या बऱ्याच भागात पुढची वीस वर्षं ते 'उरेल ते' म्हणजे मका आणि वाळवलेली रताळी. जुना सावकार गेला, पण गहू घराबाहेर जायचा थांबला नाही.

मध्ये १९५८ आलं. मोठी झेप. खेड्याखेड्यात सार्वजनिक भोजनगृहं निघाली आणि घरची चूल बंद झाली. गावठी भट्ट्यांत पोलाद गाळायचं म्हणून घरातल्या लोखंडी कढया काढून नेल्या. मगाशी सांगितलं ना, कढई आहे तर वाफ आहे, खांग गरम आहे, विरजण जिवंत आहे. कढई गेली की हे सगळंच गेलं. सुरुवातीला भोजनगृहात भरपेट मिळालं. मग दुष्काळ आला, आणि त्यात निसर्गापेक्षा धोरणाचा हात मोठा होता. १९६० मध्ये तर तेवढ्याच धान्यात जास्त पाणी मुरवून, दोनदा वाफवून अन्न 'वाढवायच्या' पद्धतींचा सरकारी प्रचार झाला. आकार वाढायचा, पोषण तेवढंच. हजारो वर्षं उपयोगी पडलेली वाफ इथे फसवणुकीला लावली. या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. भोजनगृहं १९६१ मध्ये मोडली आणि लोक पुन्हा आपापल्या चुलीकडे गेले, ज्यांच्याकडे चूल आणि कढई उरली होती ते.

पुढचं लवकर सांगतो. १९७८ मध्ये चीनचं गव्हाचं उत्पादन ५.४ कोटी टन होतं. शेतीची जबाबदारी कुटुंबांकडे आली, खत आलं, बियाणं आलं, आणि १९९७ मध्ये ते १२ कोटी टनांच्या वर गेलं. १९९३ मध्ये धान्याची कुपनं संपली. त्या पंधरा-वीस वर्षांत उत्तर चीनच्या खेड्यात पहिल्यांदाच रोज पांढरा मान्तोऊ मिळू लागला. तिथला सर्वसामान्य माणूस 'पूर्वापार' जे खातो असं आपण समजतो, ते त्याला रोज मिळू लागून जेमतेम चाळीस वर्षं झाली आहेत.

आणि नेमकं तेव्हाच लाओम्येन घरातून नाहीसं व्हायला लागलं. १९८६ मध्ये यीचांग शहरात यीस्टचा मोठा कारखाना सुरू झाला, कोरड्या यीस्टच्या पुड्या दुकानात आल्या. क्षाराचा अंदाज नको, आंबटपणाची भीती नको. मग कोपऱ्यावर मान्तोऊचं दुकानच आलं. कोणी बाईने रात्री पीठ भिजवायचं सोडलं तर मी तिला दोष देणार नाही. 'घरच्या चवी'बद्दल हळवं होणाऱ्यांनी, आम्ही पुरुष त्यात पुढे असतो, ते थंडीतलं पहाटेचं मळणं कोण करत होतं ते आठवावं. आता शहरातल्या हॉटेलात वोवोतोऊ आरोग्यदायी म्हणून मान्तोऊपेक्षा महाग मिळतो. कुपनांचा काळ काढलेली म्हातारी माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत.

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेतो. मागून ताई विचारताहेत की यीस्टशिवाय, जुन्या पद्धतीने आपल्याकडे करता येईल का? येईल की. पण गिरणीतून आणलेली पोळीची कणीक नको, त्यात कोंडा असतो, गोळा जड होतो. मैदा घ्या, किंवा निम्मा-निम्मा. मैदा-पाणी कालवून रोज थोडं ताजं पीठ घालत गेलात तर चार-सहा दिवसांत आंबवण जिवंत होतं. वासावरून कळेल, आंबट पण ताकासारखा स्वच्छ यायला हवा. खाण्याचा सोडा अगदी थोडा, पाण्यात विरघळवून. आधी एकच लहान गोळा वाफवून बघा, पिवळा पडला तर सोडा जास्त झाला. कणीक थोडा वेळ तशीच राहू द्या, आंबटपणा सोडा खाऊन टाकतो. मोदकपात्राच्या झाकणाला आतून पंचा बांधा, म्हणजे पाणी टपकणार नाही. पावसाळ्यात मुंबईत रात्रभर ठेवू नका, तीन-चार तास पुरे. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात मात्र जिआ सिशिएचं ऐका, आंबवण दुप्पट घाला.